घरून अंघोळ करून आलेली सात माणसं

सदर व्यक्ती स्त्री असून कार्यालयीन नोंदीनुसार तिचं वय एक्कावन्न आहे. उंची मध्यम, बांधा मध्यम. वर्ण: या रकान्यात पहिल्या कारकुनानं 'सावळा' लिहिलं, पुढच्यानं ते खोडून 'गव्हाळ' केलं, आणि तिसऱ्यानं दोन्ही खोडून 'लागू नाही' असा शेरा मारला, कारण दरम्यान वर्ण विचारायला कायद्यानं बंदी आली होती. रकाना छापील असल्यामुळे तो मात्र राहिला. ओळखीची खूण: उजव्या मनगटावर वाफेनं भाजल्याचा डाग. विभाग: इस्त्री व घडी, स्वच्छ बाजू. वर्तणूक समाधानकारक. इतर समाजांच्या सहकाऱ्यांशी संबंध सलोख्याचे. वरील माहिती खरी असून ती तपासून पाहायची गरज आजवर कोणाला पडलेली नाही.

तिला सगळे मधली म्हणतात. तीन बहिणींतली दुसरी म्हणून घरात हे नाव पडलं. थोरली या धुलाई कारखान्यात आधीपासून कामाला होती. तिनं पहिल्या दिवशी 'ही आमची मधली' एवढीच ओळख करून दिली आणि ती आपल्या कामाला लागली. पुढे थोरली वारली, धाकटी लग्न होऊन लांब गेली. दोन्ही टोकं नाहीशी झाली तरी ही मधलीच राहिली.

कारखान्यात शहरातल्या सगळ्या इस्पितळांचे कपडे धुतले जातात. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे झगे, आणि ज्यांची नावं जेवणाआधी काढू नयेत असं बरंच काही. इमारतीच्या मधोमध एक भिंत आहे आणि धुण्याची अजस्र यंत्रं त्या भिंतीतच बसवलेली आहेत. प्रत्येक यंत्राला दोन दारं. भिंतीच्या एका बाजूनं मळके कपडे आत जातात, दुसऱ्या बाजूनं धुतलेले बाहेर येतात. दोन्ही दारं एकाच वेळी कधी उघडत नाहीत. एक मळकी बाजू, एक स्वच्छ बाजू. दोन्हींचं फाटक वेगळं, जेवणाची खोली वेगळी, कार्डं वेगळी: स्वच्छ बाजूची निळी, मळक्या बाजूची तपकिरी. यात कोणाचा अपमान नाही. रोग पसरू नये म्हणून असंच करावं लागतं. भिंतीवर नियम लावलेला आहे की स्वच्छ बाजूच्या माणसानं मळक्या बाजूला जायला हरकत नाही, पण मळक्या बाजूच्या माणसानं अंघोळ करून, कपडे बदलून, न्हाणीघराच्या वाटेनंच स्वच्छ बाजूला यावं. नियमात रंगाचा उल्लेख नाही. नियम अतिशय सभ्य आहे.

शहरात माणसं तीन प्रकारची. इथले, म्हणजे जे आपण कुठून आलो ते विसरलेले आहेत. बोटीचे, म्हणजे ज्यांच्या आज्या-पणज्यांना कधीकाळी बोटीत भरून कामाला आणलं होतं. आणि चालत आलेले. या शेवटच्यांपैकी बरेच जण खरं तर बसनं आले, पण पहिले काही जण सीमा ओलांडून चालत आले होते आणि नाव पडायला तेवढं पुरतं. कातडीचा रंग याच क्रमानं गडद होत जातो आणि पगार याच क्रमानं उतरत जातो. कंपनी याला योगायोग म्हणते. मळक्या बाजूला सगळे चालत आलेले असणं हाही त्यातलाच एक.

मधली बोटीची. तिच्या सासूनं उभा जन्म मळक्या बाजूला काढला. मग चालत आलेल्यांची पहिली तुकडी कामाला लागली आणि त्याच वर्षी बोटीचे सगळे भिंतीच्या या बाजूला आले. सासूबाईंनी त्या दिवशी घरात गोडाधोडाचं केलं. आपल्या जागी कोण आलं हे त्यांनी विचारलं नाही. आपल्या जागी कोणीतरी आलं, हाच आनंद होता.

दोन्ही फाटकांतून सुटलेली माणसं एकाच बसथांब्यावर येतात, कारण बस कंपनीची नाही. तिथेच मधलीची आणि गाठोडीवालीची ओळख झाली.

गाठोडीवाली चालत आलेल्यांपैकी. इस्पितळातून आलेलं गाठोडं सोडायचं, चादरी एकीकडे, झगे दुसरीकडे, आणि त्यांत राहून गेलेलं काही सापडलं तर ते तिसरीकडे टाकायचं, हे तिचं काम. सापडलेल्या गोष्टी ती मजेत सांगायची. चष्मे, कवळ्या, एकदा एक चालू मोबाइल. "त्यात कोणाची तरी बायको बोलत होती. मी म्हटलं, ते झोपलेत." आणि सुया. सुयांबद्दल ती मजेत सांगत नसे.

"परत टोचली," एके दिवशी संध्याकाळी ती थांब्यावर म्हणाली.

"कुठे?"

"त्याच बोटाला. या बोटाचे ग्रहच फिरलेत, ताई."

"आणि हातमोजे?"

"होते की. पण ते सुईला कळलं नाही."

मधलीनं बोट हातात घेऊन पाहिलं. पाहण्यासारखं काही नव्हतं, एक ठिपका. मोजे पातळ होते, रबराचे, इस्पितळात डॉक्टर घालतात तसले. डॉक्टरला सुई कुठे आहे ते माहीत असतं.

"रक्त दिलंय. निकाल यायचाय," गाठोडीवाली म्हणाली. "मागच्या दोन्ही वेळी चांगला आला. पण नशिबाची तरी किती वेळा परीक्षा पाहायची? घडीला दोन जागा रिकाम्या आहेत ना? मी अर्ज केलाय."

"काय म्हणाले?"

"तिकडचं काम नाजूक असतं म्हणाले." तिनं बोट सोडवून घेतलं. "मुलीच्या वेण्या मीच घालते. तेवढं नाजूक जमतं मला."

तिचा राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला होता. नोकरी आहे तोवर देश, नोकरी गेली की सीमा. म्हणून चालत आलेले तक्रार करत नसत, आणि ते तक्रार करत नाहीत म्हणून त्यांना काही त्रास नाही, असं वार्षिक बैठकीत सांगितलं जाई.

मधलीच्या डोक्यात पाळीचं खूळ त्या संध्याकाळी शिरलं. मळक्या बाजूचं काम पाळीपाळीनं सगळ्यांनी करायचं, इथल्यांनी, बोटीच्यांनी आणि चालत आलेल्यांनी. आठवड्यातले काही दिवस इकडे, काही तिकडे. तिनं ते आधी घरी सांगितलं, ही पहिली चूक.

तिचा नवरा बस डेपोत तिकिटं तपासायचा. निवृत्त झाल्यापासून घरी बसून माणसं तपासतो.

"आपली माणसं त्या बाजूनं या बाजूला यायला दोन पिढ्या गेल्या," तो म्हणाला. "आणि तू आता दार उघडं ठेवणार."

"ठेवलं तर काय वारा लागेल?"

"वारा कशाला, माणसं येतील. एक आत आला की एक बाहेर जातो, साधा हिशोब आहे. बाहेर कोण जाणार? इथले?"

"अहो, तिला तिसऱ्यांदा सुई टोचली."

"माझ्या आईला किती वेळा टोचली, माहीत आहे का तुला?"

"नाही."

"मलाही नाही. ती सांगायचीच नाही. आपल्यात सांगायची पद्धतच नव्हती."

नवऱ्याचं म्हणणं दुष्ट होतं पण चुकीचं नव्हतं. संसारात ही जोडगोळी वारंवार भेटते.

कारखान्यात मधलीची जोडीदारीण म्हणजे काकू. काकू इथल्यांतल्या, वयानं थोड्या मोठ्या, गोऱ्या, गुडघ्यानं अधू. इस्पितळाची मोठी चादर एकट्यानं घडी करता येत नाही. दोघींनी समोरासमोर उभं राहून दोन-दोन टोकं धरायची, ताणायची, चालत एकमेकींकडे यायचं, टोकं जुळवायची, पुन्हा मागे जायचं. मधली आणि काकू वर्षानुवर्षं अशा एकमेकींकडे चालत आल्या होत्या. इतक्या वेळा जवळ आलेल्या दोन बायका दुसऱ्या कुठल्या धंद्यात सापडणार नाहीत. एकमेकींच्या घरी त्या कधी गेल्या नव्हत्या.

"मी काही त्यांच्या विरुद्ध नाही हं," काकू टोकं जुळवत म्हणाल्या. "आमच्या इमारतीत जिना झाडायला त्यांच्यातलाच येतो. इतका सज्जन माणूस."

"जिन्यावर असतो तोवर सज्जन, काकू."

"आता तू मला टोमणे मारायला लागलीस."

"टोमणा नाही. तो दाराच्या आत आला तर?"

"आत कशाला येईल? जिना बाहेर आहे." काकू मागे गेल्या, पुढे आल्या. "म्हणजे सुया वाटून घ्यायच्या म्हणतेस?"

"वाटून घेतल्या की जाड मोजे येतील. त्यांच्या बोटाला टोचली तर रक्त तपासतात. तुमच्या बोटाला टोचली तर मोजे आणतील."

काकू चादर हातात धरून उभ्या राहिल्या. हे कारखान्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, पण चादरीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून कोणी बोललं नव्हतं. "ते खरं आहे," त्या म्हणाल्या. "ते मात्र खरं आहे. आणि तू एकटीच भांडायला गेलीस आणि तुला काढलं, तर या चादरीचं दुसरं टोक कोण धरणार? नव्या पोरींना कोपरे जुळवता येत नाहीत." अशा रीतीनं काकू वर्णद्वेषाविरुद्धच्या लढ्यात सामील झाल्या. कारणं याहून वाईट असू शकतात.

मग युनियन. युनियनच्या माणसानं मधलीचं सगळं ऐकून घेतलं आणि तो म्हणाला, रंगाचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, म्हणूनच तो घाईनं घेऊन चालणार नाही. आधी पगारवाढ, मग बोनस, मग रंग. त्याला हे गेली अनेक वर्षं वाटत होतं.

म्हणून एका सुट्टीच्या दुपारी बैठक मधलीच्याच घरी झाली. नवरा स्वयंपाकघरात जाऊन बसला आणि दार उघडं ठेवून म्हणाला, "मी ऐकत नाहीये."

जागा कोणी नेमून दिल्या नव्हत्या, तरी खोलीचे आपोआप तीन तुकडे झाले. इथले खुर्च्यांवर, बोटीचे पलंगावर, चालत आलेले दाराजवळ. मधलीनं चहा आणला आणि कोणाला आधी द्यायचा या विचारात ती क्षणभर थबकली. सगळ्यांनी ते पाहिलं. मग तिनं ट्रे खोलीच्या मधोमध ठेवून दिला. चहा निवेपर्यंत कोणी कप उचलला नाही.

सुरुवात यंत्रवाल्यानं केली. हा बोटीचा, धुण्याच्या यंत्रांवरचा. "आम्ही सोसलं," तो म्हणाला. "आमच्या आयांनी सोसलं. तेव्हा यांच्यातलं कोणी आलं नव्हतं पाळी मागायला. आता तुम्हीही थोडं सोसा, मग बोलू."

"किती सोसायचं ते सांगा ना, दादा," गाठोडीवाली दाराजवळून म्हणाली. "माप असेल काहीतरी. आम्ही भरून देतो."

"ही बोलते फार."

"तिकडे बोलायला कोणी नसतं. कवळ्यांशी किती बोलणार?"

कोणीतरी हसलं. काकूंना वाटलं, आता आपणही काहीतरी बोलावं. "हे बघा, आमच्यातही गरीब आहेत हो," त्या म्हणाल्या. त्यावर बोटीचे म्हणाले, आमच्यातही आहेत. चालत आलेले म्हणाले, आमच्यात दुसरं कोणी नाहीच. आपल्यात गरीब आहेत, या मुद्द्यावर प्रथमच सर्वांचं एकमत झालं. मग कोणाचे गरीब जास्त गरीब यावरून वाद पेटला. तो मिटायला बराच वेळ गेला, आणि मिटला तो मुद्दा संपला म्हणून नव्हे, तर काकूंना बस गाठायची होती म्हणून.

तरी निघता निघता एक ठरलं. मागणी करून उपयोग नाही, मागणी ठेवायला कंपनीकडे भरपूर जागा आहे. आधी करून दाखवायचं. एक दिवस, सकाळच्या पाळीला, स्वच्छ बाजूची सात माणसं मळक्या बाजूला जातील आणि मळक्या बाजूची सात इकडे घडीला येतील. कामात खोट दिसली नाही की 'नाजूक' हा शब्द कंपनीला मागे घ्यावा लागेल.

"पण रोगाचं काय?" काकूंनी विचारलं. "नियम आहे ना."

"नियम काय म्हणतो? मळक्या कपड्यांना हात लावून इकडे यायचं नाही," मधली म्हणाली. "हे सकाळी घरून येतील. अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून. तुमच्या-आमच्यासारखेच. त्या बाजूला पाऊलच टाकणार नाहीत, थेट आपल्या फाटकानं येतील. मग कसला रोग?"

यंत्रवाल्यानंही मान डोलावली. सगळ्यांना ते पटलं. धुतलं की स्वच्छ, यावर त्या खोलीतल्या प्रत्येकाचं पोट चालत होतं. दुसऱ्या कुठल्या धंद्यातल्या माणसांनी कदाचित थोडी शंका काढली असती.

ठरल्या दिवशी सात जण निळ्या कार्डाच्या फाटकाशी आले. गाठोडीवालीनं ठेवणीतला सदरा घातला होता आणि तिच्या केसांना साबणाचा वास येत होता. फाटक त्यांच्या तपकिरी कार्डांनी उघडणार नव्हतं, तेव्हा मधलीनं आपलं कार्ड लावलं आणि दार पाठीनं धरून ठेवलं. एकेक जण आत गेला. प्रत्येकानं आत शिरताना दारातल्या पायपुसण्यावर पाय पुसले, काही जणांनी दोनदा.

मग मधली पलीकडे गेली. पलीकडे जाणाऱ्या सातांपैकी तीन इथले होते. त्यांतल्या एकाला आयत्या वेळी डॉक्टरकडे जायचं निघालं, एकाच्या घरी पाहुणे आले, आणि काकूंचा गुडघा धरला. "मी इकडेच थांबून हिला शिकवते ना," काकू म्हणाल्या. "ते पण कामच आहे." त्यामुळे मळक्या बाजूला त्या दिवशी चालत आलेल्यांच्या जोडीला फक्त बोटीचे होते. यंत्रवाला गाठोडं सोडता सोडता म्हणाला, "आईचा वास आला." तो एवढंच बोलला.

स्वच्छ बाजूला काकू आणि गाठोडीवाली एका चादरीची टोकं धरून उभ्या होत्या. पहिल्या काही चादरी वाकड्या झाल्या. मग झाल्या नाहीत. "कोपरा बघ कसा जुळवते," काकू दुसऱ्या इस्त्रीवालीला म्हणाल्या. "आमच्या पोरींना सांगून सांगून थकले." गाठोडीवाली हसली नाही. ती चादरीकडे लक्ष देऊन पाहत होती, की हिच्यात कुठेच काही सापडत नाही.

सुपरवायझर आला तेव्हा घडीच्या टेबलांवर थप्प्या रचल्या गेल्या होत्या. तो ओरडला नाही. आधी त्यानं कपडे वाहणारे सगळे सरकते पट्टे बंद केले. मग तो गाठोडीवालीजवळ आला.

"तुमचं कार्ड, बाई?"

तिनं दाखवलं.

"तुम्ही मळक्या बाजूच्या."

"आज मी तिकडे गेलेच नाहीये, साहेब. घरून आलेय. अंघोळ करून."

"ते ठीक आहे," तो म्हणाला. "पण तुम्ही मळक्या बाजूच्या."

त्याच्या बोलण्यात द्वेष नव्हता. चुकीच्या जागी उभ्या असलेल्या हातगाडीबद्दलही तो याच सुरात बोलला असता. त्यानं त्या सकाळी घडी झालेले सगळे कपडे दूषित म्हणून नोंदवले आणि पुन्हा धुवायला पाठवले. त्यांत गाठोडीवालीच्या हाताखालून गेलेल्या चादरी होत्या, तशाच काकूंनी एकटीनं रचलेले अभ्रेही होते. इस्पितळांना कपडे उशिरा पोचले, काही शस्त्रक्रिया पुढे गेल्या. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं की कर्मचाऱ्यांच्या बेफिकिरीनं रुग्णांच्या जिवाशी खेळ. इथल्यांनी वाचलं, बोटीच्यांनी वाचलं. कोणाच्या बेफिकिरीनं, ते छापायची गरज नव्हती.

चौकशी वरच्या मजल्यावर झाली. गालिचा, पाण्याचे पेले, खिडकीत झाड. चौकशी करणाऱ्या साहेबांनी पहिलंच वाक्य असं उच्चारलं की या प्रकरणाचा कोणाच्या वर्णाशी काहीही संबंध नाही. पलीकडे गेलेल्या बोटीच्यांनी नियम मोडलाच नव्हता. स्वच्छ बाजूनं मळक्या बाजूला जायला हरकत नाही, असं भिंतीवरच लिहिलेलं आहे. त्यांनी फक्त न विचारता जागा बदलली होती. दोष होता तो इकडे आलेल्यांचा, कारण ते न्हाणीघरातून आले नव्हते. ते घरच्या न्हाणीघरातून आले होते, याची दखल घ्यायला नियमात सोय नव्हती.

काकूंना बोलावलं. "मला वाटलं, साहेबांची परवानगी असेल," काकू म्हणाल्या आणि रडू लागल्या. रडणं खरं होतं. त्यांना पाणी दिलं आणि घरी पाठवलं. यंत्रवाला म्हणाला, मला सगळे गेले म्हणून मी गेलो. चालत आलेल्या सातांपैकी प्रत्येक जण म्हणाला, मी स्वतःहून आलो, मला कोणी बोलावलं नाही. हे त्यांनी आपसांत ठरवलं होतं. बोलावणाऱ्याला वाचवावं, असं त्यांच्याकडे मानतात.

मधलीला हे ठाऊक नव्हतं. तिनं रात्रभर विचार करून खरं बोलायचं ठरवलं होतं, दोष आपल्यावर घेतला की गाठोडीवालीची नोकरी वाचेल या हिशोबानं.

"मी बोलावलं त्यांना," ती म्हणाली. "दार मी उघडलं. ठरवलं आम्ही सगळ्यांनी मिळून, पण कल्पना माझी."

"सगळ्यांनी मिळून," साहेबांनी शेजारच्या कारकुनाला सांगितलं. कारकुनानं लिहिलं.

"त्या बाईला आत यायचा अधिकार होता, असं तुमचं म्हणणं आहे का?"

"ती स्वच्छ होती, साहेब."

"अधिकार होता का, एवढंच विचारतोय."

"नव्हता. नव्हता म्हणूनच तर दार उघडलं."

तेही लिहिलं गेलं. एकेकट्यानं चुकून आत आलेल्या सात माणसांना ताकीद देता येते. अधिकार नाही हे माहीत असताना मिळून आत आलेल्यांना काढावंच लागतं. मधलीच्या जबानीपर्यंत कंपनीच्या हातात हा पुरावा नव्हता.

सातांना काढलं. परवाने आपोआप रद्द झाले. त्यात कोणाला काही करावं लागलं नाही, म्हणून कोणाला वाईटही वाटायचं कारण उरलं नाही.

मधली लांब पल्ल्याच्या बसच्या तळावर गेली तेव्हा गाठोडीवाली सामानाच्या पिशव्यांवर बसली होती. शेजारी तिची मुलगी, शाळेच्या गणवेशात. दुसरे धड कपडे पिशवीत बांधले गेले होते.

"निकाल आला," गाठोडीवाली म्हणाली. "रक्त चांगलं आहे."

"रागावलीस?"

"रागवायला सवड कुठे मिळाली? घर आवरायचं होतं."

बस अजून सुटायची होती. ड्रायव्हर चाकांना काठीनं ठोकून बघत होता.

"ताई, एक विचारू? तुम्ही खोटं का नाही बोललात?"

"काय बोलायला हवं होतं?"

"की मी दार ढकलून शिरले. माझ्या मागोमाग बाकीचे. मग मी एकटीच गेले असते. मला तसंही जावं लागलं असतं आज ना उद्या, माझं बोट काही धड नाही. सहा जण राहिले असते." ती हे अगदी समजावून सांगण्याच्या सुरात म्हणाली, घडी कशी घालायची ते सांगावं तसं. "तुम्ही मिळून म्हणालात. मग सगळेच आले त्यात."

मधलीनं मुलीच्या हातात बिस्किटांचा पुडा दिला. मुलीनं आईकडे पाहिलं, आईनं मान हलवली, तेव्हा मुलीनं तो घेतला. बस सुटली तेव्हा खिडकीतून कोणी हात हलवला नाही. गर्दी होती, कदाचित हलवायला जागा नसेल.

घरी नवरा म्हणाला, "झालं समाधान?" आणि मग, बऱ्याच वेळानं, "जेवून घे." त्या घरात याला सांत्वन म्हणतात.

पुढच्या महिन्यात कंपनीनं धोरण जाहीर केलं. झाल्या प्रकारातून धडा घेऊन यापुढे दोन्ही बाजूंना सर्व समाजांना समान संधी मिळेल. प्रवेशाच्या दालनात एक मोठं चित्र लागलं: गोरा, गव्हाळ आणि काळा असे तीन हात एकच पांढरीशुभ्र चादर धरून. धोरण ताबडतोब अमलात आलं. मळक्या बाजूला सात जागा रिकाम्या होत्या आणि समान संधीनं त्यांतल्या चार बोटीच्यांना मिळाल्या: मधली, यंत्रवाला, आणि त्या दिवशी पलीकडे गेलेले बाकीचे दोघे. निळी कार्डं जमा करून त्यांना तपकिरी देण्यात आली. इथल्यांपैकी कोणी अर्ज केला नाही. जाड मोज्यांचा विषय विचाराधीन आहे.

बोटीच्या वस्तीत आता मधलीला फारसं कोणी घरी बोलावत नाही. दोन पिढ्यांचं चढलेलं एका सकाळी उतरवलं, असं म्हणतात. यंत्रवाल्याची बायको तर तोंडावर म्हणते. काकूंना नवी जोडीदारीण मिळाली आहे. तिला कोपरे जुळवता येत नाहीत. थांब्यावर भेटल्या की काकू गुडघ्याबद्दल बोलतात आणि बस आली की पुढच्या दारानं चढतात. मधली मागच्या दारानं चढते, कारण तपकिरी फाटकाकडून ते जवळ पडतं.

उरलेल्या तीन जागांवर चालत आलेल्यांतली नवी माणसं घेतली. गाठोडी सोडायला मधलीच्या शेजारी त्यांतलीच एक बाई उभी असते, तरुण, हात चपळ, मोजे पातळ. पहिल्याच दिवशी मधलीनं तिला चादर आधी झटकायची नाही, आधी कडेनं चाचपायची, हे दाखवलं. बाईनं पाहून घेतलं आणि तोंड फिरवलं. मधलीशी बोलायचं नाही, असं तिला सांगितलेलं आहे. ते कंपनीनं सांगितलेलं नाही. तिच्याच माणसांनी सांगितलं आहे, आणि ती बोलत नाही.